हृदयाचे ‘५७ टक्के’ आणि नजरेतून सुटलेला आकडा

वाचक-पत्र, थोडक्यात : ४८ वर्षांच्या एका शिक्षिकेने लिहिलंय. चौदा महिन्यांपूर्वी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ ६२ टक्के होतं, आता ५७ आलं. रिपोर्टवर ‘ट्रिव्हियल एमआर, ट्रिव्हियल टीआर, ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’ असंही आहे. डॉक्टर घाईत ‘काळजीचं काही नाही’ एवढंच म्हणाले. त्यांची आई ६६व्या वर्षी गेली. ‘शेवटी तिचं हृदय ३० टक्केच चालत होतं’. आईला वीस वर्षं बीपी होतं, गोळ्या मात्र बरं वाटेनासं झालं की घ्यायची. ‘वर्षाला चार-पाच टक्के जाताहेत, म्हणजे आईच्या आकड्यावर पोचायला मला पाच-सहा वर्षं उरली,’ असा त्यांचा हिशेब. रात्री मध्येच एखादा ठोका चुकतो. हृदयाला विश्रांती म्हणून तीन महिन्यांपासून चालणं बंद आहे, जिने टाळतात. आता दोन मजल्यांत धाप लागते. तपासणीच्या दिवशी बीपी १४६/९२ होतं, ‘पण ते टेन्शनमुळे असणार’. मुलाची परीक्षा असल्यामुळे घरी कुणाला सांगितलेलं नाही. त्या विचारतात : दुसरीकडे पुन्हा इको करू का? चालावं की नको? घरी सांगू का? आणि डाव्या कुशीवर धडधड जास्त जाणवते, तर ती कूस सोडावी का?

ताई,

तुमच्या भीतीचं मूळ एका भागाकारात आहे, तेव्हा आधी तोच मांडू. फुप्फुसांकडून आलेलं रक्त महारोहिणीत ढकलतो तो हृदयाचा डावा खालचा कप्पा, म्हणजे डावा निलय. तो सैल होऊन पूर्ण भरला तेव्हा त्यात समजा १०० मिलि रक्त मावलं. मग तो आवळला, ५७ मिलि बाहेर गेलं, ४३ आत राहिलं. झालं इजेक्शन फ्रॅक्शन ५७ टक्के. भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर पडलं, एवढंच हा आकडा सांगतो. हृदयाचा किती भाग चालतोय आणि किती मेलाय, याच्याशी त्याचा संबंध नाही.

शंभर टक्के कुणाचंच नसतं, उत्तम धावपटूचंही नाही. स्त्रियांमध्ये साधारण ५४ ते ७४ आणि पुरुषांमध्ये ५२ ते ७२ ही निरोगी कक्षा मानतात. म्हणजे ज्याला तुम्ही ‘पूर्ण’ म्हणाल तो आकडा साठीच्या आसपासचा आहे. आईचे ३० हे शंभरातले नव्हते, साठातले होते. तिचा निलय निम्म्याच ताकदीने आवळत होता. ते आजारपण खरोखर गंभीर होतं, आणि ज्यांनी घरात ते पाहिलंय त्यांना या आकड्याची धास्ती बसणं अगदी स्वाभाविक आहे. पण तुमचे ५७ त्याच साठातले आहेत.

आत उरलेलं ४३ मिलि ही शिल्लक असते. जिना चढताना हृदय जास्त जोराने आवळतं आणि या शिलकीतून आणखी थोडं रक्त बाहेर काढतं, ठोकेही वाढतात. विश्रांतीत ७५ ठोके आणि दर ठोक्याला ५७ मिलि, म्हणजे मिनिटाला सव्वाचार लिटरच्या वर. भरभर चालताना हेच दुपटीच्या घरात जातं. शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं होणारं हृदय असतं, तर ऐनवेळी त्याच्याकडे काढायला काहीच नसतं.

हा आकडा एकटा वाचला की फसवतो, दोन्ही बाजूंनी. एखादं हृदय ताणून मोठं झालेलं असतं : २०० मिलि भरतं, त्यातलं ६० बाहेर जातं, टक्के ३०. दुसरं लहान आणि ताठर असतं : जेमतेम ७० मिलि भरतं, ४५ बाहेर जातं, टक्के ६४. दुसऱ्याचा आकडा ‘छान’, पण शरीराला रक्त पहिल्यापेक्षा कमी मिळतंय आणि तो माणूस धापा टाकतोय. म्हणून टक्क्यांसोबत कप्प्याचा आकार आणि भिंतीची जाडी वाचायची असते. तुमच्या रिपोर्टची प्रत जोडलीत हे फार बरं केलंत, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. तिकडे येतेच.

त्याआधी ६२ चे ५७ कसे झाले ते सांगते. इकोत ध्वनिलहरींनी हलतं चित्र दिसतं. त्यातला सर्वांत फुगलेला आणि सर्वांत आक्रसलेला क्षण थांबवून तपासणारा कप्प्याची कड आखतो आणि यंत्र त्यावरून आकारमान काढतं. ५० मिमी व्यासात २ मिमीची चूक झाली, तर व्यासात ती ४ टक्केच असते, पण आकारमानात सुमारे १२ टक्के होते. कड आखणारा हात बदलला, पद्धत बदलली, त्या दिवशीचा रक्तदाब वेगळा असला, तरी ५ ते १० अंकांचा फरक सहज पडतो. सराव असलेले डॉक्टर पुष्कळदा नजरेनेच अंदाज करून ‘५५ ते ६०’ असं लिहितात, आणि तेही बरंच भरवशाचं असतं. त्यामुळे दोन मोजण्यांमधून रेघ ओढून पुढची सहा वर्षं वाचता येत नाहीत. दोन्ही आकडे निरोगी कक्षेतले आहेत, गोष्ट तिथेच संपते.

‘ट्रिव्हियल एमआर’ आणि ‘ट्रिव्हियल टीआर’ यांना फार वेळ देण्याची गरज नाही. डाव्या बाजूच्या दोन पाकळ्यांच्या (मायट्रल, म्हणून ‘एमआर’) आणि उजव्या बाजूच्या तीन पाकळ्यांच्या (ट्रायकस्पिड, म्हणून ‘टीआर’) झडपेतून, त्या मिटताना, रक्ताची पुसटशी धार मागे येते. निरोगी माणसांत हे सर्रास दिसतं. यंत्र इतकं बारीक पाहतं की तेही नोंदलं जातं. उजव्या झडपेच्या त्या धारेच्या वेगावरून फुप्फुसांच्या रोहिणीतला दाब काढता येतो, म्हणून तपासणारे ती मुद्दाम शोधतात. तुमच्या रिपोर्टवर तो दाब २४ आहे, म्हणजे चांगला.

आता ज्या ओळी तुम्ही ओलांडून गेलात त्या वाचू. दोन निलयांमधला पडदा ११ मिमी, मागची भिंत १० मिमी. स्त्रियांमध्ये ही जाडी साधारण ६ ते ९ मिमी असते. तुमची किंचित वाढलेली आहे. इतकी किंचित की पुष्कळ ठिकाणी ती ‘नॉर्मल’च्या रकान्यात सरकवली जाते. शेजारी ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’, म्हणजे निलय सैल होण्यातली पहिल्या पायरीची अडचण. आणि पत्रात तुम्ही एका वाक्यात उरकलेलं १४६/९२. या तीन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवताहेत.

भिंत जाड का होते, हे हृदयाच्याच दोन बाजूंकडे पाहिलं की कळतं. उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचं असतं, त्याला २५ मिमी पाऱ्याएवढा दाब पुरतो. म्हणून त्याची भिंत ३ ते ५ मिमीच असते. डाव्याला साऱ्या शरीराला रक्त पुरवायचं, त्याला १२० लागतात, म्हणून ती दुप्पट जाड. दाब १४६ झाला की तोच निलय दिवसाला सुमारे एक लाख वेळा वाढीव दाबाविरुद्ध आवळतो आणि हळूहळू आणखी जाड होतो. व्यायामाने दंड कमावतात तसं हे नाही. दंडाला मधे सुट्टी मिळते, हा भार रात्रंदिवस राहतो. स्नायूंच्या पेशींच्या मधल्या जागेत तंतुमय ऊती साठत जाते आणि भिंत ताठर होते.

ताठर भिंतीची अडचण आवळताना येत नाही, सैल होताना येते. सैल होणं म्हणजे नुसतं सोडून देणं असं आपल्याला वाटतं, पण आवळण्यासाठी पेशीत सुटलेलं कॅल्शियम परत कोठारात ओढून न्यावं लागतं, आणि त्याला ऊर्जा लागते. ते मंदावलं किंवा भिंत जाड झाली, की सुरुवातीला आपोआप आत येणारं रक्त कमी येतं आणि वरच्या कप्प्याला शेवटी जोर लावून उरलेलं भरावं लागतं. रिपोर्टवर ई/ए ०.७ लिहिलंय ते हेच : ‘ई’ म्हणजे आपोआप भरण्याची लाट, ‘ए’ म्हणजे वरच्या कप्प्याने ढकललेली. वय वाढेल तसं हे प्रमाण उतरतंच, साठीनंतर तर फार जणांत. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जाड पडद्याच्या जोडीने, मी त्याला वयावर सोडून देणार नाही. वरचा डावा कप्पा अजून मोठा झालेला नाही, म्हणजे मागे दाब साठू लागलेला नाही. ही पहिली पायरी आहे, आणि रक्तदाब आटोक्यात आला तर भिंतीची जाडी बऱ्याच जणांत काही प्रमाणात मागेही फिरते.

तेव्हा टेन्शनमुळे वाढलं असेल, हे गृहीत धरू नका, मोजून पाहा. दवाखान्यातल्या एका मोजणीवर मीही निकाल देणार नाही. घरी दंडावर बांधायचं स्वयंचलित यंत्र वापरा, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा, लहान पट्टा दाब जास्त दाखवतो. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी नाही, चालून आलेलं नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक टाकलेले नाहीत. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, उघड्या दंडावर. पाच मिनिटं गप्प बसा आणि मोजताना बोलू नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळी-न्याहारीच्या आधी आणि रात्री. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजून ज्यावर जास्त येतं तो हात कायम धरा. असं सात दिवस. पहिला दिवस सोडा, उरलेल्या सहा दिवसांच्या चोवीस मोजण्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘मला उच्च रक्तदाब आहे का, औषध लागेल का’ असं थेट विचारा. मधल्या काळात कधी १८०/१२० च्या वर गेलं, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत छातीत दुखणं, धाप, अंधूक दिसणं किंवा बोलताना अडखळणं असेल तर तडक रुग्णालय. मीठ, वरून घातलेलं आणि खारवलेल्या-तयार पदार्थांतलं धरून, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याहूनही कमी.

औषध सुरू झालंच तर ते बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही. रक्तदाब वाढलेला आतून कळत नाही. आईने गोळ्या ‘लागेल तशा’ घेतल्या, कारण तिला ते कुणी नीट सांगितलं नसावं. तिच्या हृदयाची ताकद नेमकी कशामुळे गेली, हे जुन्या कागदांतून शोधता आलं तर शोधा : बीपी, रक्तवाहिन्यांतला अडथळा, की हृदयाच्या स्नायूचाच आजार. शेवटचं कारण असेल तर ते आनुवंशिक असू शकतं, आणि मग तुम्ही आणि तुमची भावंडं यांनी ते डॉक्टरांना सांगणं महत्त्वाचं आहे.

चुकणाऱ्या ठोक्याकडे वळते. ठोका बहुधा चुकत नाही. तो लवकर पडून जातो. हृदयाचा ताल उजव्या वरच्या कप्प्यातल्या पेशींचा एक छोटा पुंजका धरतो. तिथून निघालेली विद्युत लहर मधल्या गाठीपाशी दशांश सेकंदभर थांबते, तेवढ्यात खालचे कप्पे भरतात, मग लहर खाली पसरते. कधी दुसरीच एखादी पेशी आधीच ठिणगी टाकते. निलय अर्धवट भरलेला असतानाच आवळतो, रक्त थोडंच जातं, मनगटावर तो ठोका पोचतही नाही. पुढे जरा मोठी विश्रांती येते, कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका ‘धप्प’ लागतो. तुम्हाला जाणवतं ते हे थांबणं आणि हे धप्प. रात्री आवाज नसतो, लक्ष आतच असतं, ठोक्यांची गतीही कमी असते, म्हणून आडवं झाल्यावर जास्त कळतं.

असे थोडे ठोके जवळजवळ प्रत्येकाला पडतात. तरी ते किती आहेत हे पाहायला २४ तासांचं होल्टर (अंगावर छोटं यंत्र लावून ठोक्यांची सलग नोंद) करून घ्या, कारण एकूण ठोक्यांच्या १० टक्क्यांच्या पुढे गेले तर डॉक्टर त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. तोवर मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला शिका. एकसारख्या तालात अधूनमधून खंड पडणं वेगळं, आणि तालच नसणं वेगळं. दुसरं आढळलं तर लगेच ईसीजी हवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि पोटॅशियमही तपासा. तुमच्या वयात पाळीतलं रक्त जास्त जाऊन हिमोग्लोबिन नकळत उतरतं, आणि त्यानेच ठोके वाढतात, धापही लागते. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, अपुरी झोप आणि कॉफी यांनीही हे ठोके वाढतात.

आता विश्रांतीचं. मिनिटाला ७० ठोके असताना एक फेरी जेमतेम ०.८५ सेकंदाची असते. त्यात आवळण्याचा भाग सुमारे ०.३ सेकंद, उरलेला अर्ध्याहून जास्त वेळ निलय सैल असतो. हृदयाच्या डाव्या भिंतीला स्वतःचं रक्तही मुख्यतः याच सैल काळात मिळतं, कारण आवळताना भिंतीतल्या वाहिन्या दाबल्या जातात. म्हणजे हृदयाला विश्रांती द्यायची तर हा मधला काळ लांबवायला हवा, आणि तो लांबतो ठोक्यांची गती कमी झाल्याने. चालणं सोडलं की ती गती वाढते. हिशेब करा : अर्धा तास चालताना ७५ ऐवजी ११० ठोके पडले तर जास्तीचे १,०५० झाले. पण काही महिन्यांच्या सरावाने विश्रांतीची गती ७५ वरून ६८ वर आली, तर दिवसाला सुमारे १०,००० ठोके वाचतात.

तीन महिन्यांच्या बसण्याने पायांचे स्नायू सैलावले असणार, धापेचं ते एक सरळ कारण आहे. पण एकच कारण, असं समजून पुढे जाऊ नका. इकोत हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे दिसत नाहीत. इजेक्शन फ्रॅक्शन ६५ असूनही त्या अरुंद असू शकतात. म्हणून पुन्हा इको करण्यापेक्षा, ‘दोन मजल्यांत धाप लागते, तीन महिन्यांपासून वाढलीय, आईला हृदयविकार होता’ हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, ईसीजी काढा आणि चालत्या पट्ट्यावरची स्ट्रेस टेस्ट हवी का ते विचारा. इको पुढे करायचाच झाला तर बीपी आटोक्यात आल्यानंतर, वर्षभराने, शक्यतो त्याच ठिकाणी. आणि टक्क्यांच्या आधी पडद्याची जाडी वाचा.

डॉक्टरांनी हो म्हटलं की सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. पहिली आणि शेवटची काही मिनिटं संथ. भरभर चालून एकदम थांबलं की पायांत गेलेलं रक्त वर ढकलणारी पोटऱ्यांची हालचाल थांबते आणि चक्कर येते. वेग असा ठेवा की बोलता येईल, गाता येणार नाही. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर या, आठवड्यातून पाच दिवस.

चालताना छातीवर दडपण, जबडा-हात-पाठीत दुखणं, घेरी किंवा ठोक्यांची झुंबड उठली तर थांबा. बसून पाच मिनिटांत दडपण गेलं नाही, किंवा सोबत घाम आणि मळमळ असेल, तर रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवू नका. स्त्रियांमध्ये कधीकधी छातीत विशेष दुखत नाही. धाप, मळमळ, अचानक आलेला विलक्षण थकवा एवढंच असतं, आणि ‘पित्त झालं असेल’ म्हणत मोलाचे तास जातात.

घरी सांगा. मुलाची परीक्षा हे कारण मला पटलं नाही : आईने जिने टाळणं, चालणं सोडणं त्याला दिसत असणारच, आणि न सांगितलेल्या गोष्टीचा तो स्वतःच काहीतरी अर्थ लावत असेल. ‘माझं हृदय ५७ टक्के आहे’ असं मात्र सांगू नका, ते खरं नाही. ‘बीपी वाढलेलं वाटतंय, आठवडाभर मोजायचंय, पट्टा बांधायला मदत कर’ असं सांगा. आई गेल्यानंतर ही भीती तुम्ही एकटीने वागवली आहे. पतीशी त्याबद्दल वेगळं, निवांत बोला.

राहता राहिली डावी कूस. त्या कुशीवर हृदयाचं टोक छातीच्या पिंजऱ्याच्या जवळ येतं, म्हणून ठोके जास्त जाणवतात. त्याने हृदयावर ताण येत नाही. झोप मोडत असेल तर उजवीकडे वळा, नाहीतर जशी सवय आहे तशाच झोपा. सपाट झोपल्यावर धाप लागून उठून बसावं लागलं किंवा पावलांवर सूज आली, तर ती गोष्ट निराळी. मग दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडे जा.